एक ना धड, भाराभर विमानं

टेबलावरच्या हवाई लढाईत माणसाची पारख करायची असेल, तर तो नेम कसा धरतो ते बघू नये. डबा उघडल्यावर तो विमानं किती मागतो, ते बघावं.

माझा मेहुणा चार मागतो. तो सी.ए. आहे. सगळे पैसे एकाच ठिकाणी गुंतवणाऱ्याकडे तो ज्या किवेने बघतो, त्याच किवेने एका विमानावर समाधान मानणाऱ्याकडे बघतो. भाचा एकच घेतो, पण त्याला ठरलेलं तेच हवं असतं. ते दुसऱ्या कुणी उचललं, तर आपण मामाच्या घरी आलो आहोत हे तो विसरतो. वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना कितीही द्या, ते घेतात, आणि मग दर फेरीला ‘यातलं माझं कुठलं हो?’ असं विचारतात. भाच्याबरोबर त्याचा कॉलेजातला एक मित्र येतो. तो काही मागत नाही, काही बोलत नाही. दिलेलं विमान घेऊन कोपऱ्यात बसतो, आणि तो नेमका कोणत्या बाजूने लढतोय हे लढाई संपेपर्यंत कुणाला कळत नाही. माझी बायको उरलेलं विमान घेते आणि बहुतेक वेळा जिंकते. या विषयावर घरात चर्चा होत नाही.

चर्चा होते ती एकाच प्रश्नावर: माणशी विमानं किती?

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. ज्यांनी असे खेळ रचले त्यांनी यावर डोकं खाजवलं आहे. ज्यांनी खरी विमानं उडवली त्यांनीही खाजवलं आहे, आणि उत्तर चुकलं तेव्हा त्यांच्यातल्या काहींना दुसरा डाव मिळाला नाही. आमचं तसं नाही. आमच्याकडे चूक झाली तर फार तर पोहे गार होतात.

आम्ही खेळतो तो खेळ मूळचा इटलीतला. आंद्रेआ आंजोलिनो आणि पिएर जॉर्जो पाल्या या दोघांनी तो २००४ साली ‘विंग्ज ऑफ वॉर’ या नावाने काढला. २०१२ पासून तो ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ म्हणून मिळतो. आम्ही त्यातलं पहिलं महायुद्ध खेळतो. पट नाही, घरं नाहीत, फासे नाहीत. मोकळं टेबल हेच आभाळ. प्रत्येक विमानाबरोबर त्याचे स्वतःचे पत्ते येतात आणि पत्त्यावर एक बाण असतो: सरळ, हलकं वळण, करकचून वळण, तिरकं सरकणं. दर फेरीला तुम्ही तीन पत्ते निवडता आणि क्रमाने पालथे ठेवता. मग सगळे एकदम पहिला पत्ता उलटतात. पत्ता विमानापुढे टेकवायचा, विमान उचलायचं आणि बाणाच्या टोकावर नेऊन ठेवायचं. समोरच्या कोनात, मोजपट्टीच्या आत कुणी सापडलं तर गोळी झाडायची. अर्ध्या पट्टीच्या आत असेल तर त्याला नुकसानीचे दोन पत्ते, त्यापलीकडे एक. मग दुसरा पत्ता, मग तिसरा.

सगळी गंमत त्या तीन पत्त्यांत आहे. पहिला पत्ता ठेवताना शत्रू कुठे आहे ते दिसत असतं. दुसरा अंदाजाने ठेवायचा. तिसरा ठेवताना फक्त श्रद्धा उरते. ‘तो डावीकडे वळेल’ असं मानून तुम्ही डावीकडे तोफ लावून बसता, आणि तो काकांसारखा माणूस असेल तर सरळ जातो, कारण पत्ता त्याने उलटा धरलेला असतो. इमेलमान नावाची एक कोलांटी आहे, तिने विमान जागच्या जागी तोंड फिरवतं. पण तिच्या आधी एक सरळ आणि नंतर एक सरळ पत्ता लागतो. म्हणजे तीन पत्त्यांचं भांडवल त्यातच गेलं. भाचा पत्ते चटकन ठेवून छताकडे बघत शीळ घालायला लागला की तो कोलांटी मारणार हे टेबलावरचे सगळे ओळखतात. त्याला अजून वाटतं की कुणाला कळत नाही.

या खेळात एक विमान घेणारा माणूस म्हणजे एकटा जीव सदाशिव. नुकसानीचे पत्ते ज्याला लागतात त्यानेच बघायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत, असा नियम आहे. पत्त्यावर शून्यापासून पुढे आकडे असतात, आणि विमानाची सहनशक्ती संपली की ते पडतं. तोवर आत काय चाललंय हे फक्त त्याला ठाऊक. त्यामुळे निम्मी लढाई चेहऱ्यावर होते. काकांना मोठा आकडा आला की ते ‘अगं आई गं’ म्हणतात, शून्य आला की ‘हं’ म्हणतात. आयुष्यभर लोकांची कर्जं गुप्त ठेवलेल्या माणसाला स्वतःचं एक इंजिन गुप्त ठेवता येत नाही. बायको शून्याकडे आणि पाचाकडे एकाच चेहऱ्याने बघते, पत्ता वाटीखाली सरकवते आणि विचारते, ‘चटणी कुणाला हवी आहे का?’ तिचं विमान जळतंय की ठणठणीत आहे हे ओळखण्यात मेहुण्याचं तारुण्य गेलं.

एका विमानात असा जीव गुंततो. अमेरिकेतल्या माइक कार या माणसाने १९६६ साली ‘फाइट इन द स्काइज’ नावाचा खेळ काढला. पुढे १९८२ मध्ये तो ‘डॉन पेट्रोल’ या नावाने निघाला. त्यात खेळाडूचा वैमानिक एका लढाईतून वाचला तर पुढच्या लढाईत तोच येतो. त्याच्या मोहिमांची, पाडलेल्या विमानांची नोंद ठेवली जाते. असा वैमानिक मेला की खेळाडू काही काळ कुणाशी बोलत नाही, आणि तसं होणारच. ‘एस ऑफ एसेस’ हा १९८० सालचा खेळ तर त्याहून कट्टर. दोघांच्या हातात एकेक पुस्तिका, आणि पानापानावर आपल्या विमानातून दिसणारं शत्रूचं विमान. दोघांनी आपापली चाल निवडायची, आकडे एकमेकांना सांगायचे आणि त्या पानावर जायचं. तिथे दुसरं विमान मागायची सोयच नाही. दोन हातांत एकच पुस्तक मावतं.

मग प्रश्न मिटला म्हणा. माणशी एक.

पण एका विमानाला एक मोठा दोष आहे. ते पडतं.

नुकसानीच्या पत्त्यांमध्ये स्फोटाचा एक पत्ता असतो. तो आला की सहनशक्ती, अनुभव, वंश, काही विचारत नाही. विमान गेलं. सकाळी दहाला पत्ते वाटलेत, नाश्ता अजून ताटलीत आहे, आणि एक माणूस मेलेला आहे. त्याला पुढचे दोन तास काम नाही. आमच्याकडे मेलेल्याने चहा टाकायचा अशी पद्धत आहे, पण चहाला दहा मिनिटं लागतात आणि मरणाला त्याहून जास्त वेळ काढायचा असतो. मग मेलेला माणूस बाकीच्यांच्या खुर्च्यांमागे उभा राहतो. मेलेला माणूस फार धोकादायक. त्याला गमवायला काही उरलेलं नसतं आणि सगळ्यांचे पत्ते दिसत असतात. भाचा मेला की मागून नुसता ‘अरेरे’ म्हणतो. कुणाला उद्देशून ते सांगत नाही. जिवंत असलेले पाचही जण घाबरून आपली चाल बदलतात.

याच धास्तीने मेहुणा चार विमानं मागतो. ‘भावोजी, रिस्क पसरवायची असते,’ असं तो मला दर वेळी समजावतो. एक पडलं तरी तीन उरतात. तत्त्व म्हणून ऐकायला बरं वाटतं. एकदा त्याला चार विमानं देऊन बघा.

चार विमानांचे पत्ते म्हणजे दर फेरीला बारा पत्ते निवडायचे. सगळ्यांनी एकदम पत्ते उलटायचे असल्यामुळे सगळ्यांत हळू माणसाच्या वेगाने अख्खं पहिलं महायुद्ध चालतं. आमचे पत्ते केव्हाच ठेवून झालेले असतात. मेहुणा अजून दुसऱ्या विमानाच्या तिसऱ्या पत्त्यावर ‘एक मिनिट’ म्हणत असतो. त्या एका मिनिटात मित्राने मोबाइलवर सिनेमा लावलेला मी पाहिला आहे. बरं, चार विमानांच्या नुकसानीचे चार ढीग होतात. ते मिसळू नयेत म्हणून मेहुण्याने प्रत्येक ढीग वेगळ्या बशीखाली ठेवला. त्या दिवशी भाचा लवकर मेला, चहा घेऊन आला, आणि बशा लागतात म्हणून त्याने मागचापुढचा विचार न करता त्या गोळा केल्या. चार ढिगांचा एक ढीग झाला. कुठलं विमान मरायला टेकलंय आणि कुठलं नवंकोरं आहे, हे ठरवायला मेहुण्याने पेन्सिल काढली, कागदावर उभ्या रेघा मारल्या आणि आठवणीतून ताळेबंद मांडला. त्या ताळेबंदात चारही विमानं उत्तम प्रकृतीची निघाली. तपासणी करायला दुसरा सी.ए. हजर नव्हता.

पण खरी बाब वेगळीच आहे. चार विमानांचा मालक एकाही विमानात बसलेला नसतो. ‘हे आता राइट ऑफ करू’ असं म्हणून त्याने एक ‘कॅमल’ विमान माझ्या तोंडासमोर सरळ उडवत नेलं, मी त्याच्यावर गोळ्या झाडण्यात रमलो, आणि उरलेल्या तिघांनी मला मागून गाठलं. चाल उत्तम होती. फक्त त्या कॅमलमध्ये कुणी वैमानिक असता, तर तो तसा सरळ गेला नसता. वरून विमानं ढकलणारा माणूस लढवय्या नसतो, तो साहेब असतो. त्याला कुणी पडल्याचं दुःख होत नाही, शिल्लक कमी झाल्याचं होतं.

चार हा आकडा मात्र मेहुण्याच्या डोक्यातून निघालेला नाही, हे मान्य केलं पाहिजे. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक ओस्वाल्ट बोल्के याने हवाई लढाईचे नियम लिहून ठेवले, त्यात हल्ला चार किंवा सहाच्या गटाने करावा असं आहे. त्याच नियमात पुढे असंही आहे की झुंज फुटून जो तो आपापला लढू लागला की एकाच शत्रूमागे अनेकांनी लागू नये. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी बोल्के आणि त्याचा सहकारी एर्विन ब्योमे एकाच ब्रिटिश विमानाच्या मागे लागले. ब्योमेच्या विमानाची चाकं बोल्केच्या वरच्या पंखाला घासली आणि बोल्के गेला. चाळीस विमानं पाडलेला आणि नियम स्वतः लिहिलेला माणूस. तेव्हा आमच्या टेबलावर मेहुण्याची दोन विमानं दर थोड्या वेळाने एकमेकांच्या अंगावर येऊन बसतात, याला मी हसत नाही. त्याची दोन्ही विमानं एकाच डोक्यातून निघतात. दोघांनाही एकच मोक्याची जागा एकाच वेळी सुचते.

तीनच्या बाबतीत मराठीने आधीच निकाल दिलेला आहे: तीन तिघाडा, काम बिघाडा. इंग्रजांना मराठी येत नसल्यामुळे त्यांना हे कळायला दुसरं महायुद्ध लागलं. त्यांची लढाऊ विमानं तीन-तीनच्या बाणाकृती रांगेत उडत. पुढे म्होरक्या, मागे दोन बाजूंना दोघं. दिसायला अप्रतिम. पण मागच्या दोघांची सगळी नजर म्होरक्याला आपण धडकू नये याकडे. आभाळात शत्रू शोधायला उरला एकटा म्होरक्या. जर्मन वैमानिकांनी या रचनेला ‘मूर्खांची रांग’ असं नाव ठेवलं होतं. आम्ही माणशी तीन करून पाहिलं तेव्हा काकांनी एक विमान पुढे ठेवून त्याच्या मागे उरलेली दोन हुबेहूब तशीच लावली. त्यांना इतिहास ठाऊक नव्हता, त्यांना ते छान दिसलं. काका पुढचं विमान तेवढं चालवायचे आणि मागच्यांना तेच पत्ते द्यायचे. मागचं एक विमान टेबलावरून उडून फ्रिजच्या दिशेने गेलं तरी त्यांना दोन फेऱ्या पत्ता नव्हता.

जर्मनांची स्वतःची रचना दोनाची होती. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३८ च्या सुमाराला, वेर्नर म्योल्डर्स आणि त्याच्या साथीदारांनी जोडीने उडण्याची पद्धत पक्की केली. एक मारणारा, एक त्याची पाठ राखणारा, आणि दोघांमध्ये भरपूर अंतर. अशा दोन जोड्या मिळून चौघांचा गट. पुढे इंग्रजांनीही तीनाची रांग सोडून हीच चौकडी उचलली. डॅन वर्सन याचा ‘राइज ऑफ द लुफ्तवाफे’ हा १९९३ सालचा पत्त्यांचा खेळ तर याच जोडीवर उभा आहे: प्रत्येक खेळाडूकडे एक म्होरक्या आणि एक पाठराखा. त्यावरून बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला आहे की माणशी दोन हाच सुवर्णमध्य. एक पडलं तरी माणूस खेळात राहतो, आणि सहा पत्ते ठेवायला फार वेळ लागत नाही.

मीही बराच काळ याच पक्षात होतो. पण दोन विमानं एकाच हातात आली की पाठराखा कधी चुकत नाही. म्होरक्या वळला की तोही वळतो, कारण दोघांचे पत्ते एकाच माणसाने ठेवलेले. खऱ्या जोडीत पुढच्याला मागचा दिसतच नसतो. तो तिथे असेल, जागा असेल, आपल्याला बघत असेल, एवढंच धरून चालायचं. ते धरून चालणं गेलं की उरते ती भूमिती, आणि भूमितीत नापास व्हायला मला टेबलाची गरज कधी पडली नाही.

तरीही दोनाच्या वर आकडा जाऊच नये असं जगाला वाटत नाही, हे ‘एक्स-विंग’ वरून कळतं. २०१२ साली निघालेला हा स्टार वॉर्सचा खेळ. त्यात प्रत्येक जहाजाला एक चकती असते आणि तिच्यावर चाल लावून ती पालथी ठेवायची. पहिल्या डब्यात एक एक्स-विंग आणि दोन टाय फायटर यायचे, सगळं कसं आटोपशीर. मग हिशेबी लोक आले. पथक शंभर गुणांत बसवायचं होतं आणि सगळ्यांत स्वस्त टाय फायटर बारा गुणांना होता. बारा आठे शहाण्णव. आठ जहाजांची टोळधाड घेऊन लोक स्पर्धांना उतरले. माझ्या मेहुण्याला हे कळलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. पण आठ जहाजं एकदम वळवायची म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशांचं पथक कोपऱ्यावरून फिरवण्यासारखं: आतला जागीच घुटमळतो, बाहेरचा धावतो, मधला मागच्याच्या अंगावर. या खेळात चाल संपते तिथे दुसरं जहाज आधीच असलं की तुमचं जहाज त्याच्या अलीकडेच अडतं आणि त्या फेरीतली त्याची खास कृती बुडते. आडवं येणारं बहुतेक वेळा आपलंच असतं. भाच्याच्या हॉस्टेलवर मेहुण्याने आठ टाय उडवले. शत्रूने त्याचं काही बिघडवायच्या आत त्याच्याच सहा जहाजांनी त्याची बरीच सेवा केली होती.

ज्यांना खरंच डझनभर विमानं आभाळात हवी आहेत, त्यांच्यासाठी वेगळे खेळ आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. अँडी चेंबर्स याचा २०१८ सालचा ‘ब्लड रेड स्काइज’ घ्या. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना सहा-सहा विमानं. पण तिथे प्रत्येक विमानाचे वेगळे पत्ते ठेवत बसायचं नाही. विमानाची बैठक फक्त तीन प्रकारे ठेवता येते: नाक वर, सपाट, नाक खाली. नाक वर म्हणजे वरचढ, खाली म्हणजे अडचणीत. लांबून टेबलाकडे पाहिलं तरी कोण कुणाच्या बोकांडी बसलाय ते दिसतं. तुम्ही तिथे वैमानिक नसता, पथकाचे प्रमुख असता, आणि खेळ तुम्हाला तसंच वागवतो. माझी तक्रार एवढीच की वैमानिकाचा खेळ घेऊन त्यात साहेबगिरी करू नये. मेहुण्याला ते वेगळं करून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मग दोन्ही डबे घेऊया की.’

भाच्याचा आवडता वैमानिक इंद्रलाल रॉय. कलकत्त्याचा हा मुलगा १९१८ साली ब्रिटिश हवाई दलाच्या ४० व्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई. ५ए हे विमान उडवत होता. जुलै महिन्यात दोन आठवड्यांच्या आत त्याने दहा लढायांत विजय मिळवले आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. वय एकोणीस. भाच्याला तेच विमान हवं असतं ते यासाठी, आणि त्याच्याशी त्यावरून मी भांडत नाही. तो तेव्हा विमान चालवत नसतो, तो रॉय असतो. तुम्ही त्याला आणखी तीन एस.ई. ५ए देऊ केलीत तर तो अपमान समजेल. रॉय एकच होता.

१४ डिसेंबर १९७१ ची श्रीनगरची लढाई खेळायची म्हटली तर हा प्रश्न आणखी टोकाला जातो. दोन नॅट विमानं उडाली, पण एकमेकांपासून तुटली, आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों सहा पाकिस्तानी सेबर विमानांपुढे एकटे उरले. टेबलावर त्यांची जागा घ्यायला भाचा आणि त्याचा मित्र दोघंही पुढे सरसावतात. मित्राने तोंड उघडल्याचा हा एकमेव प्रसंग. सहा सेबर घ्यायला मात्र कुणी तयार होत नाही. ती एकट्या मेहुण्याला द्यावीत, तर सहाही सेबर एकाच मेंदूने चालतात आणि लढाई अन्याय्य होते. बाकीच्यांत वाटावीत, तर एक इकडे, एक तिकडे, आणि काका परत निघालेले. एकाच्या विरुद्ध सहा आहेत म्हणजे सहाची ताकद एकत्र आहे असं नसतं, हे आमच्या काकांना सेबरमध्ये बसवल्याशिवाय नीट कळत नाही.

हा प्रश्न टेबलावर बसून सोडवणारा सगळ्यांत मोठा माणूस खेळाडू नव्हता. जॉन थॅच हा अमेरिकन नौदलाचा वैमानिक. १९४१ साली जपानच्या झीरो विमानाबद्दल त्याच्या हाती माहिती आली. ते त्याच्या वाइल्डकॅट विमानापेक्षा चपळ होतं, झटक्यात वर चढत होतं. कॅलिफोर्नियात कोरोनाडोला राहत्या घरी तो रात्री टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसायचा. एकेक काडी म्हणजे एकेक विमान. रात्री जे सुचेल ते दुसऱ्या दिवशी खऱ्या आभाळात करून बघायचा. त्या काड्यांतून जी युक्ती निघाली ती साधी होती. दोन विमानांनी अंतर ठेवून शेजारी शेजारी उडायचं. एकाच्या शेपटीला शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेने वळायचं. शत्रू पहिल्याच्या मागे वळला की तो दुसऱ्याच्या तोफेसमोर येतो. जगाने तिला ‘थॅच वीव्ह’ म्हटलं. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत थॅचबरोबर मोजून सहा वाइल्डकॅट होती. युक्ती वापरायची वेळ आली, तर त्याच्या गटातल्या दुसऱ्या म्होरक्याला ती शिकवलेलीच नव्हती आणि त्याचा रेडिओही बंद होता. थॅचने मग आपल्या पाठराख्यालाच रेडिओवरून लांब सरकायला सांगितलं आणि त्याच्याशी जोडी जमवली. हे मी वाचलं तेव्हा भाच्याच्या मित्राकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. प्रत्येक गटात एक रेडिओ बंद असलेला असतोच, आणि तरीही मिडवे जिंकता येतं.

रात्री टेबलावर बसला तेव्हा थॅचच्या हातात सगळ्या काड्या होत्या. आभाळात मात्र त्याच्या हातात एकच होती. दुसरी दुसऱ्या माणसाकडे होती.

आमच्या टेबलावर ही युक्ती जमली ती त्या दिवशी आम्ही माणशी एकच विमान ठेवलं होतं म्हणून. माझ्या फोकरच्या शेपटीला मेहुण्याचं कॅमल लागलं होतं, अर्ध्या पट्टीवर. बायकोचं तिहेरी पंखांचं विमान उजवीकडे, हातभर अंतरावर. पत्ते ठेवायच्या आधी बोलायला परवानगी असते, ठेवायला लागल्यावर नाही. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘अहो, उजवीकडे.’ का, हे विचारायला वेळ नव्हता. मी तिन्ही पत्ते उजवीकडचे ठेवले. पहिला पत्ता उलटला, मेहुण्याने मला दोन पत्ते दिले. दुसरा उलटला, पुन्हा दोन. माझ्या विमानात आता फक्त मी आणि भोकं उरली होती. तिसऱ्या पत्त्याला मी तिच्या नाकासमोरून निसटलो, मेहुणा माझ्या मागोमाग वळला, आणि वळून थांबला तो तिच्या समोर, चार बोटांवर. दोन पत्ते त्याने उचलले. पहिला बघितला, काही झालं नाही. दुसरा बघितला, चष्मा काढला आणि पुसायला लागला. मग तो उठून न सांगता चहा टाकायला गेला. त्या दिवशी त्याच्याकडे चार विमानं असती तर एक पडल्याची त्याने नोंद केली असती. एकच होतं, म्हणून तो पडला.

तर खूप वादावादीनंतर आमचा ठराव असा झाला आहे. माणशी विमान एक. दुसरं विमान मिळेल, पण ते हातात नाही, डब्यात राहील. पहिलं पडलं की पुढच्या फेरीला आपल्या बाजूच्या कडेवरून ते आत आणायचं, म्हणजे मेलेल्या माणसाला खुर्च्यांमागे उभं राहायची वेळ येणार नाही. पाठराखा लागेल तो माणूसच असेल, स्वतःचा दुसरा हात नव्हे. ज्या रविवारी दोघंच जमतील त्या दिवशी माणशी दोन चालतील, कारण दोन विमानांत आभाळ फार मोकळं वाटतं. नवख्याला काहीही झालं तरी एकच. ज्याला पथक हवं असेल त्याने पथकाचा खेळ आणावा, आम्ही त्याचे हुकूम ऐकू. चहा ज्याला टाकायचा आहे त्याने टाकावा, पण बशा मोजून आणाव्यात.

ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या. मेहुण्याने सही करताना खाली ‘अटी लागू’ असं बारीक अक्षरात लिहिलं. अटी कोणत्या ते अजून सांगितलेलं नाही. मित्राने सही केली, तेव्हा आम्हाला त्याचं आडनाव कळलं. काकांनी सगळा ठराव दोनदा वाचला, मान डोलावली, आणि सहीच्या आधी पेन उचलून विचारलं, ‘पण मग यातलं माझं कुठलं हो?’

पाच बोटं एकाच विमानाकडे गेली. त्यासाठी तरी माणशी एक हवंच.